तेलबाबांचा थेंब

कारशेडमध्ये जत्राच भरली होती. फिटर, सफाईवाले, कँटीनवाला, सगळे एका जुन्या डब्याभोवती. तेलबाबांनी डोळे मिटले, दोन डब्यांमधल्या, प्रकाशातून चित्रं वाहून नेणाऱ्या काचतारेचा जोड उघडला आणि कुपीतला थेंब आत सोडला.

"प्रकाशा, लेकरा, ये रे घरी!"

जोड बसवला. चालकाच्या काळ्या पडलेल्या पडद्यावर दारांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं लख्ख उमटली. टाळ्यांचा कडकडाट!

"आणि हिने हात लावला की विझतं." बाबांनी जोडणीवालीकडे बोट रोखलं. "अपशकुनी हात. हाकला!"

जोडणीवाली म्हणजे त्यांचीच सून. मागच्या आठवड्यात एका गाडीचा पडदा विझला, चालकाला दार दिसलं नाही आणि एका म्हातारीची बोटं चिरडली. खापर फुटलं सुनेवर. आज तिची नोकरी जाणार होती.

"मामंजी, मी फक्त पुसते हो. जोडच बदला म्हणून वर्षभर सांगतेय."

"पुसते! माझं पुण्य पुसते!" हशा पिकला.

मी अपघाताची तपासणी करायला आले होते. कँटीनवाल्याकडे तळणीचं तेल मागितलं.

"इथे काय तळणार, बाई?"

"बाबांना."

शेजारच्या डब्यातला मेलेला जोड उघडून मी ते काळपट तेल सोडलं. ना मंत्र, ना लेकरू. तोही पडदा उजळला. टाळी मात्र एकही वाजली नाही.

"काच झिजली की जोडात फट पडते, प्रकाश तिथेच सांडतो. तेल फट भरतं. सून तेल पुसते, तेव्हा खरा बिघाड उघडा पडतो. न पुसलं तर हे होतं." अपघातातल्या गाडीचा जोड मी माझ्या पिशवीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तेलात ब्रेकची धूळ बसून टोक तव्यासारखं काळं झालं होतं. "याला शेवटचा हात कुणाचा?"

"बाबांचा," मुख्य फिटर पुटपुटला.

"बाबा, तुम्हीही फिटरच होतात. हा जुगाड गाडी कशीबशी शेडपर्यंत आणण्यापुरता, हे ठाऊक होतं ना?"

बाबांनी कुपी मुठीत लपवली. मघाशी टाळ्या पिटणाऱ्यांनीच कुपी हिसकावून त्यांच्या टकलावर उपडी केली. "पडला का उजेड, बाबा?" सून बघत राहिली. तिने कुणाला अडवलं नाही.

मुख्य फिटरने मला हात जोडले. "तुमच्या हाताला गुण आहे, बाई. आता सगळे डबे तुम्हीच बघा."

"माझ्या हाताला तळणीचं तेल आहे. हात सोडा, या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. एकट्या बाबांनी ती बोटं चिरडली नाहीत. तुमच्या टाळ्याही होत्या. पुढच्या वेळी टाळी वाजवण्याआधी जोड उघडून बघा."