एका वेळी एकच

आमच्या पाळणाघरात गरोदर राहायला नंबर लावावा लागतो. हसू नका, खरंच लावावा लागतो. कामावर घेताना बाई सगळं समजावून सांगतात. किती वाजता यायचं, नखं कापलेली हवीत, कानात लोंबतं काही घालायचं नाही, पोरं ओढतात. आणि मग चहाचा कप पुढे सरकवत, अगदी सहज म्हणतात, "आणि हो, एका वेळी एकच हं. दोघी एकदम घरी बसल्या तर एवढी पोरं मी कुणाच्या गळ्यात घालू?" आपण मान डोलावतो. कामाची गरज असते, आणि बाई इतकं गोड बोलतात की नाही म्हणायला तोंडच उघडत नाही.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नंबर सगळ्यांना पाठ होते. आम्ही सहा बायका आणि बेचाळीस पोरं. पहिला नंबर गाणंमावशीचा, दुसरा टाचणीचा, तिसरा माझा. बाकी तिघींची पोरं शाळेत जाणारी, त्या या भानगडीतून सुटलेल्या. गाणंमावशी पोरांना झोपवताना गुणगुणायची, म्हणून पोरांनीच तिला ते नाव दिलं. मला ओरडमावशी म्हणतात, का ते सांगायला नको. टाचणी हे नाव मात्र आम्ही ठेवलेलं, कारण ती येता-जाता टोचायची.

गाणंमावशीचा पहिला नंबर चार वर्षं झाली तरी हलत नव्हता. तिचं वय एकोणचाळीस. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा आशा लागून गेली. आणि तिच्यामागे आम्ही दोघी ताटकळत. टाचणी एकदा चहाच्या वेळी म्हणालीच, "पुढची खिडकी उघडतच नसेल, तर मागच्यांनी जन्मभर उभंच राहायचं का?" गाणंमावशी कप विसळायला उठून गेली. मी टाचणीला असं फैलावर घेतलं की शेजारच्या खोलीतली दोन पोरं उठून रडायला लागली. पण खरं सांगू का? मनातून मीही तेच म्हणत होते. मी एकतीस वर्षांची. किती थांबायचं माणसानं?

आणि मला हे काम लावून कुणी दिलं होतं? गाणंमावशीनंच. आम्ही एका गल्लीत राहायचो. नवऱ्याचं काम सुटलं होतं तेव्हा ती मला हाताला धरून बाईंकडे घेऊन गेली. "हिचा आवाज मोठा आहे, पण हात मऊ आहेत," असं म्हणाली होती. एवढं चांगलं माझ्याबद्दल माझी आईसुद्धा कधी बोलली नाही.

तर मला दिवस गेले. ठरवून नाही, अंदाज चुकला. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून घरी आला, त्याला सांगितलं. मला वाटलं हा आता उचलूनच घेईल. तो बसला, बूट काढले आणि म्हणाला, "पण तुझा नंबर तिसरा ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे बाप होणार आहेस तू, रेशनच्या रांगेत उभा नाहीयेस," असं म्हणून मी जी सुरू झाले ती झालेच. तो बिचारा आधी हसला आणि मग डोळे पुसले. पण चूक त्याचीही नव्हती. मला स्वतःला ती तपासणीची कांडी बघून पहिल्यांदा आठवलं ते बाळ नाही, गाणंमावशी आठवली.

चार महिने कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. पोट दिसायला लागेल तेव्हा बघू. पण माझ्या खोलीत, म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या पोरांच्या खोलीत, दोन पोरांना कांजिण्या निघाल्या. मी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला लहानपणी आल्या होत्या का? आईला फोन केला. आई म्हणाली, "तुझ्या भावाला आल्या होत्या. तुला लागायला नको म्हणून मामाकडे धाडलं होतं की." धन्य ती माया. रक्त तपासलं, तर अंगात काहीच ताकद नाही त्या रोगाशी लढायची. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सातवा आठवडा आहे, बाळाला धोका आहे." आता लपवण्यात अर्थ नव्हता.

मी आधी कामगार कचेरीत गेले. खिडकीमागची बाई चष्म्यावरून बघत पटापट बोलत होती. तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. दिवस गेले म्हणून कामावरून काढता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर धोक्याच्या जागेवरून हलवावंच लागतं. बाळंतपणाची भरपगारी रजा तुमच्या हक्काची आहे. मी निघाले तेव्हा तिनं परत हाक मारली. "आणि काही झालं तरी बिनपगारी रजेवर सही करू नका. एकदा सही केली की ती वाढवत नेतात, आणि कामाचे दिवस कमी भरले की भरपगारी रजा गेली समजा. तिथंच गळा कापतात."

रात्रभर मी ते सगळं घोकलं. सकाळी सरळ बाईंच्या ऑफिसात. गाणंमावशीला आधी सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण तिच्यासमोर उभं राहायचं जिवावर आलं होतं. म्हटलं, आधी बाईंशी दोन हात करू, मग तिच्याशी निवांत बोलू.

बाईंनी अर्ज वाचला. चिठ्ठी वाचली. मी कमरेला पदर खोचल्यासारखी उभी राहून सगळं म्हणून दाखवलं, काढता येत नाही, हलवावं लागतं, भरपगारी, हक्काचं. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर त्या उठल्या आणि मला जवळ घेतलं.

"अगं, किती गोड बातमी! आणि त्यात एवढी भाषणं कशाला? मी काय राक्षसीण आहे?" त्यांनी शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. "ऑफिसातली मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ही खुर्ची रिकामीच आहे. आजपासून इथं बस. फोन घे, पालकांशी बोल, नोंदी ठेव. झालं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. भांडायला आलेल्या माणसाला कुणी लाडू भरवावा तसं.

"फक्त एकच वाईट वाटतं," बाई खाली बसत म्हणाल्या. "ही खुर्ची मी गाणंमावशीला कबूल केली होती. परवा तिला दवाखान्यात बोलावलंय. बाहेर वाढवलेला गर्भ आत सोडणार आहेत. शेवटचा प्रयत्न, म्हणते. दोन आठवडे काही उचलायचं नाही असं ठरवलंय तिनं. कुणाला सांगू नका म्हणाली होती, म्हणून बोलले नाही."

"मग तिला कुठं ठेवणार?"

"तुझ्या खोलीत. दुसरी कुणी मोकळी आहे का? तिला कांजिण्या येऊन गेल्यात."

"बाई, त्या खोलीत दिवसातून पन्नास वेळा पोरं उचलावी लागतात."

"मला माहीत नाही का? पण खुर्ची एकच, आणि तुझ्याकडे कागद आहे. तिच्याकडे नाही. दिवस जाण्याआधी काही कायदा लागत नाही, राणी. कायद्यापुढे मी काय करणार?" त्यांनी खण उघडला आणि एक छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "तुझ्या मनाला लागत असेल तर एक मार्ग आहे. पोरांच्या कांजिण्या बऱ्या होईपर्यंत तीन आठवडे तू घरी बस. बिनपगारी. स्वखुशीनं. मग खुर्ची तिची. माझी मुळीच जबरदस्ती नाही. संध्याकाळपर्यंत सांग."

खिडकीमागची ती बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिथंच गळा कापतात. पण बाईंच्या हातात सुरी कुठं होती? त्यांनी ती माझ्याच हातात दिली होती.

दुपारी पोरं झोपल्यावर मी गाणंमावशीला गाठलं. ती मोरीपाशी दुपटी पिळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अभिनंदन." म्हणजे बाईंनी तिच्या कानावर घातलं होतं.

"मी सांगणारच होते तुला."

"कधी? बारशाला?"

मी ऐकून घेतलं. मग माझं तोंड सुटलंच. "आणि तू? तू तरी कुठं मला सांगितलंस?"

"काय सांगू? परत तिसऱ्यांदा रडायला जातेय म्हणून?" तिनं दुपटं झटकलं. "तुझ्यासारखी गोड बातमी नव्हती ती."

मी पुढचं दुपटं उचलून पिळायला घेतलं. शेवटी मी म्हटलं, "मी फॉर्मवर सही करते. खुर्ची तू घे."

"आणि तुझी रजा?"

"गेली तर गेली."

तिनं हात पुसले. माझं घर तिला माझ्याइतकंच माहीत होतं. नवऱ्याचं काम एक दिवस असतं, दोन दिवस नसतं, तेही माहीत होतं. "नको," ती म्हणाली. "तुझं आहे ते आहे. माझं अजून काहीच नाही. नसलेल्यासाठी असलेलं घालवू नकोस."

मी दोनदा 'तूच घे' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी तो फॉर्म कोराच परत दिला. बाई म्हणाल्या, "तुझी मर्जी," आणि तो खणात ठेवून दिला.

ऑफिस आणि पोरांच्या खोलीमध्ये काच आहे. पालकांना बाहेरून पोरं दिसावीत म्हणून. दोन आठवडे मी त्या काचेच्या अलीकडे बसले. पलीकडे गाणंमावशी पोरं उचलून बेसिनपाशी नेत होती, धूत होती, परत आणत होती. एक गुटगुटीत पोरगा होता, तो खाली ठेवला की हात वर करून परत रडायचा. मी काचेवर टकटक करून त्याच्यावर ओरडायची, "ए, चाल की जरा! पाय कशाला दिलेत तुला?" तो माझ्याकडे बघून हसायचा. आत जाऊन त्याला उचलायची मला बंदी होती. कागदावर शिक्का होता तसा. तिचं गुणगुणणं काचेतून ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओठही हलेनात.

पंधराव्या दिवशी तिचं रक्त तपासलं. सोळाव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"उद्याची एक रजा लिही."

मी वही उघडली. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, आणि न बघताच कळलं होतं. रजेच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. माझं पेन तिथं येऊन अडलं.

"काय लिहू?"

"तुझ्या त्या कायद्यात याला काही नाव आहे?"

"नाही."

"मग घरचं काम लिही."

मी घरचं काम असं लिहिलं. ती जायला वळली, मग थांबली. "डॉक्टर म्हणाले, उचलण्यानं काही होत नाही. झालं असतं तर झालंच असतं." हे तिनं मला सांगितलं, माझ्यासाठी सांगितलं, आणि त्यानं मला जेवढं लागलं तेवढं तिनं शिव्या घातल्या असत्या तर लागलं नसतं. मला रडू फुटलं. तिला फुटलं नाही. आतलं पोरगं रडायला लागलं म्हणून ती आत गेली.

महिना संपता संपता तिनं काम सोडलं. निरोपाला बाईंनी फुलं आणली आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे बोलल्या. टाचणी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, "म्हणजे तुझ्यानंतर आता मीच ना?" पहिल्यांदाच मला तिच्यावर ओरडता आलं नाही.

पुढच्या सोमवारी बाई आपल्या भाचीला घेऊन आल्या. कॉलेज संपलंय, घरी बसून कंटाळते, जरा ऑफिसचं काम शिकेल म्हणाल्या. मी उठायला लागले. मनात म्हटलं, खुर्ची एकच. मग आता माझं काय करणार आहेत?

"अगं, तू कशाला उठतेस? बस, बस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दारावरच्या वॉचमनला हाक मारली. "हॉलमधली एक खुर्ची आणा इकडं."

वॉचमननं खुर्ची आणली. माझ्या शेजारी मांडली. दोन मिनिटं लागली असतील. भाची बसली, तिनं पर्स टेबलावर ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, मोबाइल ठेवला. तरी टेबल उरलं.

बाईंपुढे मी कायदा तोंडपाठ म्हणून दाखवला होता. रागात कुणाला ऐकत नाही म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध आहे. पण 'आणखी एक खुर्ची आणा' हे चार शब्द मला सुचले नाहीत. गाणंमावशीला सुचले नाहीत. आम्ही दोघी मोरीपाशी उभ्या राहून एकाच खुर्चीची वाटणी करत बसलो, आणि हॉलमध्ये भिंतीला लावून डझनभर खुर्च्या होत्या. एका वेळी एकच, एका वेळी एकच, इतकी वर्षं ऐकून ऐकून आम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं.

भाची चांगल्या वळणाची होती. तिनं आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली आणि विचारलं, "ताई, तुम्हाला अडचण तर होत नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "भरपूर जागा आहे."