पॉइंट्सचं कार्ड

बारक्या चौतीस वर्षांचा होता, दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, आणि तरीही थोरल्या भावाने हात उगारला की तो डोळे मिटून उभा राहायचा.

दोघांचं काचेचं दुकान होतं. दादा काच कापायचा, बारक्या ती गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसवायचा आणि वहिनी कोपऱ्यातल्या टेबलावर बिलं करायची. दुकान वडिलांचं. वडील दोघांनाही पोलादी मोजपट्टीने झोडपायचे. ते गेले तेव्हा दादा चोवीसचा होता, बारक्या तेराचा. दुकानाबरोबर मोजपट्टीही दादाकडे आली. आरसा सुतभर कमी भरला की फटका. परत यायला उशीर झाला की फटका. गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकासमोर कानाखाली अशी बसली की तीन दिवस बारक्याला त्या कानाने धड ऐकू येत नव्हतं. लोक म्हणायचे, "थोरल्याचा हात सैल आहे, पण मन मोठं आहे." बारक्याला ते मन कधी लागलं नव्हतं. हात मात्र रोज लागायचा.

मंगळवारी दुपारी बँकेची बाई आली. हातात फाइल, पायात उंच टाचा, त्यामुळे फरशीवरचे काचेचे कण चुकवत ती बगळ्यासारखी आत आली. दुकानाच्या नावाने नवीन क्रेडिट कार्ड निघालंय म्हणाली. शंभराच्या खरेदीवर दोन पॉइंट. पॉइंट साठले की विमानाचं तिकीट. वर्षाची फी पाच हजार. भागीदार दोघं, तेव्हा सह्या दोघांच्या लागतील.

"विमानाचं?" बारक्याने विचारलं. त्यांची मधली बहीण लग्न होऊन सात तासांच्या विमानप्रवासावर गेली होती. चार वर्षांत बारक्याने तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं.

"पाच हजार भरून फुकट जायचं," दादा कटर न थांबवता म्हणाला. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चला, निघा बाई."

"अहो, कागद वाचायला काय जातं?" वहिनी म्हणाली. तिने फॉर्म ठेवून घेतला. बाई शुक्रवारी परत येते म्हणून गेली.

त्या संध्याकाळी वहिनीने बारीक अक्षरांतलं सगळं वाचलं. महिन्याला लाखाची काच येते, म्हणजे वर्षाला बारा लाखांची. चोवीस हजार पॉइंट. एका पॉइंटची किंमत अर्धा रुपया, म्हणजे बारा हजार झाले. फी वजा जाता सात हजार सुटतात. बिल मात्र दर महिन्याला पुरतं भरायचं, एक दिवस चुकलं तर व्याज सगळं गिळून टाकेल.

"भाऊजी, जमेल असं वाटतंय," ती म्हणाली. "दोन वर्षांत एक तिकीट नक्की."

बुधवार-गुरुवार बारक्या शीळ घालत काम करत होता. बहिणीला त्याने फोन करून तिकडे थंडी किती असते तेसुद्धा विचारून घेतलं. दादा नुसता बघत होता.

शुक्रवारी सकाळी वहिनीला एक शंका आली. तिने काच पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. कार्ड चालेल, तो म्हणाला, पण वर दोन टक्के जास्त लागतील. बारा लाखांवर दोन टक्के म्हणजे चोवीस हजार. बारा मिळवायला चोवीस घालवायचे, वर फी वेगळी.

वहिनीने फोन ठेवला आणि बारक्याकडे पाहिलं. "नाही बसत हो, भाऊजी. आतबट्ट्याचा व्यवहार आहे."

बारक्याने फॉर्म उचलला, मधोमध फाडला आणि म्हणाला, "मग नको. साठवून जाईन कधीतरी."

गोष्ट तिथे संपायला हवी होती.

पण दादा टेबलाला वळसा घालून आला. तो हसत होता. "काय म्हटलं होतं मी? काय म्हटलं होतं?" आणि त्याने बारक्याच्या गालावर फाडकन ठेवून दिली.

"अहो!" वहिनी ओरडली. "भाऊजी नको म्हणाले ना!"

"दोन दिवस शीळ घालतोय बैल! साहेबाला विमानात बसायचंय!" दुसरी बसली ती हिवाळ्यातल्या त्याच कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली. तिसऱ्या वेळी हात वर गेला तेव्हा बारक्याच्या लक्षात आलं, की आपले डोळे उघडे आहेत.

त्याने जन्मात कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे किती जोरात मारायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मूठ दादाच्या तोंडावर बसली. ओठ फुटला, एक दात बारक्याच्या बोटाच्या पेरात रुतला. दादा टेबलावर आदळला, हनुवटीवरून रक्त गळत होतं. हाताला मोजपट्टी लागताच त्याने ती उभी धरून हाणली. बारक्याचं कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उकललं. रक्त डोळ्यांत उतरलं. आंधळ्यासारखा तो पुढे झाला, दादाला कमरेत धरलं, मोठी काच उचलावी तसं उचललं आणि ढकलून दिलं.

मागे लाकडी घोडीवर काचेचे उभे तक्ते टेकवून ठेवलेले होते. दादा घोडीवर पाठीवर पडला. घोडी कलंडली. पहिला तक्ता सरकला, मग दुसरा, आणि मग सगळेच एकदम खाली आले. भिंत कोसळावी तसा आवाज झाला. नंतर काही क्षण नुसते बारीक तुकडे टिणटिणत राहिले.

दादा खाली बसला होता. उजव्या गुडघ्यामागे हाताएवढी काच घुसली होती. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. मग त्याने ती उपसली.

"काढू नका!" वहिनी किंचाळली, पण उशीर झाला होता. रक्त उसळ्या घेत बाहेर आलं, भिंतीपर्यंत उडालं.

बारक्या तुकड्यांतून गुडघ्यांवर सरपटत गेला. पट्टा कमरेतून ओढून काढला आणि दादाच्या मांडीला गुंडाळायला लागला. दादाला वाटलं, हा आता गळा धरणार. त्याने बरगड्यांत गुद्दा घातला. पुन्हा घातला. बारक्याच्या फुटक्या कपाळावर कोपर मारलं.

"दादा, पडून राहा! मरशील!"

"सोड मला, हरामखोरा!"

बारक्याने त्याच्या जबड्यावर दोन ठेवून दिल्या. मोजून दोन. दादाची मान लटकी पडली. मग छातीवर गुडघा रोवून बारक्याने पट्टा आवळला, मोजपट्टी त्यात अडकवून पिळली, आणखी पिळली, तेव्हा कुठे उसळी थांबली. वहिनीने ओढणीचा बोळा जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तिच्या तळव्यांत काच शिरत होती, पण तिने हात हलवला नाही.

दारात बँकेची बाई उभी होती. फाइल हातातून पडली होती.

"फोन करा!" वहिनी ओरडली. "अॅम्ब्युलन्स!"

बाईने केला. पत्ता सगळा नीट सांगितला. गाडी येईपर्यंत ती दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरांनी पाय वाचवला. आतली नस मात्र गेली, त्यामुळे पावलाला जाणीव राहिली नाही. बारक्याच्या कपाळाला अकरा टाके पडले, वहिनीच्या हातांना नऊ.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोलीस आला. दादा खाटेवरून म्हणाला, "घोडी घसरली."

"नाही," शेजारी उभा बारक्या म्हणाला. "मी ढकललं."

वहिनी म्हणाली, "आधी ह्यांनी मारलं. आजचं नाही हे साहेब. एकवीस वर्षं चाललंय." हे तिने पहिल्यांदाच कुणासमोर उच्चारलं होतं. दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तक्रार द्यायची नाही, एवढंच तो म्हणाला. पोलिसाने जबाब लिहून घेतले आणि गेला.

बारक्या दुकानात परत गेला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला खिडक्यांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. महिन्याभराने तो दादाच्या घरी दुकानाच्या किल्ल्या द्यायला गेला. दादा खुर्चीत बसला होता, हातात काठी. गालफडं बसली होती.

"एका कार्डापायी घर मोडलंस," दादा म्हणाला.

"कार्ड नको असं मीच म्हणालो होतो, दादा. त्यानंतर मारलंस तू."

"मला बाबांनी कमी मारलंय का?" दादा म्हणाला.

"मलाही मारलंय. मी कुणाला मारलं? तुला एकट्याला, एकदा. त्या दिवसापासून धड झोप नाही मला."

"शिकवतोस मला?" दादाने काठी फेकली. ती बारक्याच्या खांद्याला लागून दारावर आपटली. बारक्या जागचा हलला नाही. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

वहिनीने काठी उचलली. दादाने हात पुढे केला, पण तिने दिली नाही. समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली, चांगली दहा पावलं लांब.

"उठा आणि घ्या," ती म्हणाली. "पुन्हा फेकलीत, तर ह्या घरात उचलायला कुणी नसेल."

बारक्या जिना उतरायला लागला. अर्ध्यावर पोहोचला तेव्हा वरून आवाज आला. दादा रडत होता. वडिलांनी मारल्यावर गादीखाली तोंड खुपसून रडायचा, अगदी तसाच घुसमटलेला आवाज. बारक्या कठड्याला धरून थांबला. वर जावं असं त्याला फार वाटलं. पण कारखान्याची पाळी दोनला सुरू व्हायची होती आणि एक वाजून गेला होता. त्याने खांदा चोळला आणि उरलेल्या पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागला.