राजकुमारीबाईंच्या गाडीचा थकलेला शाफ्ट

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. गाडी बघणारा माणूस आधी तिचा रंग बघतो, मग दिवे, मग आतली गादी. वाकून खाली कोण बघतो? मी तिथेच असतो. मी एक जुना ड्राइव्ह शाफ्ट आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर येते, ती चाकापर्यंत पोचवणारा पोलादी दांडा म्हणजे मी. लांबी तुमच्या हाताएवढी. दोन्ही टोकांना एकेक सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर ग्रीस भरलेली रबराची टोपी. चाक वळो, खड्ड्यात जावो, दगडावरून उडो, आपण फिरत राहायचं. वीस वर्षं मी हेच केलं आणि आता मी फार थकलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवून तेलात बुडवलं. त्या वेळी राग आला होता. पण त्या मारामुळेच मी इतकी वर्षं टिकलो, हे आता कळतं. मग मला एका लाल स्पोर्ट्स कारच्या डाव्या बाजूला बसवलं. गाडी ठेंगणी, दोन माणसांपुरती, छप्पर मागे ढकललं की उघडी होणारी. अशा गाड्या फार निघाल्या नाहीत आणि ज्या निघाल्या त्यातल्या बऱ्याच मोडीत गेल्या. आमची मात्र आचल मॅडमकडे आली आणि त्यांच्याबरोबर गोंदियाजवळच्या बिरसीला पोचली.

आचल मॅडम बिरसीत मुलांना विमान चालवायला शिकवत. त्या खेमराज टेंभरे यांच्या घरी समोरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. खाली राहणारा मी माणसं पायांवरून ओळखतो. मॅडमचे पाय कॅनव्हासच्या बुटात, सतत घाईत. खेमराजभाऊंच्या टाचांना भेगा, घोट्यापर्यंत वाळलेला बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल. आणि त्यांच्या बायकोचे, राजकुमारीबाईंचे पाय लहानसे. ते गाडीजवळ येत, थांबत आणि परत जात. मॅडमनी ते पाहिलं. एका सकाळी त्यांनी बाईंना चालकाच्या जागेवर बसवलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी राजकुमारीबाई गाडी शिकल्या. क्लच सोडताना त्या मला असे हिसके देत की माझे दोन्ही सांधे बोंब मारत. पण मी कुणाला सांगणार?

मॅडमची बदली झाली. जाताना त्या म्हणाल्या, "बाई, ही आता तुमची. हिला पळवत राहा."

बाईंनी तिला खरंच पळवलं. त्यांची धाकटी बहीण शामकला दरेकशाजवळ जंगलातल्या एका टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर, एकटी राहते. तिची दृष्टी गेली आहे. दरेकशाला रेल्वे थांबते, पण स्टेशनापासून तिचं घर डोंगरातून दीड कोस. मोटारसायकलवर बसलं की बाईंची पाठ धरते. म्हणून दर गुरुवारी आमची लाल गाडी आमगाव, सालेकसा करत चढ चढायची. बाई बहिणीच्या आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत घालून ठेवायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, अंगणात बसवून तिचे केस विंचरायच्या. मी गाडीखाली गार होत पडून असायचो आणि दोघींचं बोलणं ऐकायचो. ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी मोकळ्या मनाने सांगतो.

कौतुक पुष्कळ झालं, पण गाडीचं. दसऱ्याला खेमराजभाऊ ट्रॅक्टरला, मळणी यंत्राला, अगदी फवारणीच्या पंपालासुद्धा हळदकुंकू लावत. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडायचं काम मात्र माझ्याकडे. माझ्या अंगाला वीस वर्षांत कुणी हळदकुंकवाचं बोट लावलं नाही.

माझं दुखणं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत. ट्रॅक्टरची ट्रॉली चिखलात रुतली आणि बाया बांधीत रोपांची वाट बघत उभ्या. खेमराजभाऊंनी काय करावं? परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या त्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारमध्ये कोंबल्या आणि गाडी धुऱ्याच्या बांधावरून थेट शेतात नेली! रोवणी वेळेवर झाली, गावभर हसं झालं आणि बाभळीच्या एका खुंटाने माझी चाकाकडची रबरी टोपी फाडली. आत चिखल शिरला. खेमराजभाऊंनी वरून सायकलची ट्यूब गुंडाळली, तारेने आवळली. चिखल आतच राहिला. तुमच्या गुडघ्यात वाळू भरून कुणी तुम्हाला रोज दहा कोस चालवलं तर कसं वाटेल, याचा विचार करा.

गाडी उजवीकडे वळली की मी टक् टक् टक् करू लागलो. ते माझं कण्हणं होतं. राजकुमारीबाईंनी ते लगेच ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं.

"जुनी गाडी हाये," खेमराजभाऊ म्हणाले. "आवाज तं करनच. तू डोकं काऊन फोडून रायली?"

दोन वर्षं मी तसाच फिरलो. शेवटी एका गुरुवारी दरेकशाहून परतताना माझा सांधा सुटत चालला. बाई एकट्या, रस्ता जंगलाचा. आता नाही, आता नाही, असं स्वतःला म्हणत मी घरापर्यंत आलो. फाटकातून आत वळताना मात्र माझ्याने धरवलं नाही. कडकन आवाज झाला आणि इंजिन नुसतंच ओरडत राहिलं.

गोंदियाच्या मिस्त्रीने फोनवरच हात झटकले. "इसका पार्ट किधर मिलेगा भाऊ? बेच डालो." गाडी पडवीत उभी राहिली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. शामकलाच्या शेजाऱ्याचा फोन आला की तिने रात्रीच्या गोळ्या सकाळी घेतल्या आणि दिवसभर झोपून राहिली. त्यात धानाची कापणी सुरू झालेली. पोती ठेवायला पडवी हवी. खेमराजभाऊंनी भंगारवाल्याला सोमवारी सकाळी बोलावून ठेवलं.

पण त्याआधी बाईंनी आचल मॅडमना फोन केला होता. मॅडमनी कुठून तरी दुसरा शाफ्ट मिळवून पार्सलने पाठवला. तो शनिवारी पोचला. काळा, चकचकीत, तेलाचा वास येणारा. मला त्याचा हेवा वाटला आणि थोडं हायसंही वाटलं. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "जुन्याच्या आतल्या टोकाला खाचेत एक बारीक कडं आहे, जोडव्यासारखं, मध्ये कापलेलं. तेच शाफ्टला गिअरबॉक्समध्ये धरून ठेवतं. नव्याबरोबर ते आलेलं नाही. जुन्याचं जपून काढा. आणि शाफ्ट मधोमध धरून ओढू नका, आतल्या टोकाला पहारीने हळूच उचकटा."

"इतवारी मीच बसवतो," खेमराजभाऊ म्हणाले. "नाही झालं तं सोमवारी भंगारात."

रविवारी दुपारी त्यांनी पडवीत राईस मिलमधून आणलेला भुसा पसरला. धानाची ही टरफलं सांडलेलं तेल पिऊन घेतात. आमच्याकडे ट्रॅक्टरचं काम असंच करतात. बाईंनी आत बसून ब्रेक दाबला, भाऊ पान्यात लोखंडी पाइप घालून त्यावर उभे राहिले आणि चाकाचं मोठं नट किरकिरत सुटलं. मग जॅक, खाली सागाचे ठोकळे, चाक बाहेर. इथवर सगळं नीट झालं. मग त्यांनी मांडी घातली, मला मधोमध धरलं आणि ओढलं.

"मॅडम तं पहारीने काढा म्हणत होत्या," बाई घाबरून म्हणाल्या. "काऊन ओढून रायले?"

"तीस साल झाले ट्रॅक्टर चालवून रायलो. रोटाव्हेटरचा शाफ्ट असाच निघते."

मित्रांनो, ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचा शाफ्ट खरंच तसा निघतो. त्याचे दोन भाग एकमेकांत सरकतात, ओढला की सुटतो, ढकलला की बसतो. त्या शाफ्टची सवय झालेल्या हातांनी मला ओळखलंच नाही. माझा आतला सांधा फाटला. त्यातल्या बेअरिंगच्या सुया, तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक, भुशात सांडल्या. माझं अर्धं अंग गिअरबॉक्समध्येच राहिलं. भाऊ चिडले. त्यांनी पहार घातली आणि सगळा जोर लावला. ते अर्धं अंग उडून बाहेर पडलं, मागून काळं तेल वाहिलं आणि खाचेतलं कडं उसळून कुठे गेलं ते कुणीच पाहिलं नाही.

कळलं ते नवा शाफ्ट हातात घेतल्यावर. भाऊंनी माझं टोक उचललं. खाच रिकामी होती.

त्यांनी भुसा बोटांनी चाळला. मग झाडू आणला आणि काम आणखी बिघडवलं. पोतंभर भुसा, अर्धा तेलाने चिकट. "गोंदियाहून चुंबक आणतो," ते म्हणाले, मग त्यांनाच आठवलं की इतवारी दुकानं बंद. ते भिंतीला टेकून बसले.

"संपलं. देऊन टाकू उद्या. धान ठेवाले जागा बी होईन."

राजकुमारीबाईंनी झाडू उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तीन गुरुवार झाले. शामकलाचे केस कोणी विंचरले नाई." त्या उठल्या, आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या.

"हे कायले?"

"धानातला खडा निघते तं लोखंड नाई निघन का? बसून नोका राहू, रिंकीचे बाबूजी. भरून द्या मले."

रिंकी ही त्यांची मुलगी, सौंदडला दिलेली. ती घरी असती तर बापाची तिने चांगलीच फिरकी घेतली असती. पण पडवीत त्या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी चिकट भुशात कोरडा भुसा मिसळला, हातांनी चोळून मोकळा केला आणि पाखडायला लागल्या. सूप वर जायचं, हलकी टरफलं उडायची, जड ते मागे राहायचं. माझ्या सुया एकेक करून निघाल्या. एक खडा निघाला, एक खिळा निघाला. भाऊ ओंजळीने भुसा भरून देत होते. भुसा त्यांच्या पांढऱ्या मिशांत अडकला होता. मध्येच ते हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं. दोन साल आंगुदर तू सांगत होती." बाईंनी रिकामं सूप पुन्हा भरायला त्यांच्यापुढे धरलं.

चौथ्या की पाचव्या सुपात किण्ण असा आवाज आला. बाईंचा हात थांबला. सुपाच्या मागच्या कडेला ते कडं पडलं होतं, तेलकट, पण धड.

बाईंनी ते पदराने पुसलं आणि नव्याच्या खाचेत बसवलं. या वेळी भाऊंनी घाई केली नाही. फोन लावून मॅडमना विचारत, एकेक पायरी करत त्यांनी नव्याला सरळ रेषेत आत सरकवलं. खट् असा आवाज आला आणि तो बसला. तेल भरलं, चाक लावलं, गाडी जमिनीवर उतरवून मोठं नट आवळलं. बाईंनी अंगणात गाडी पूर्ण उजवीकडे वळवली. मी भिंतीशी पोत्यावर पडून कान देऊन होतो. एकही टक् आला नाही. मला आनंद झाला आणि फार एकटं वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला, तेव्हा बाई गाडीत बसून निघालेल्या. गुरुवारची वाट कोण बघणार? त्यांच्या बाजूच्या जागेवर औषधांचे डबे होते आणि कंगवा होता. भाऊंनी भंगारवाल्याला देण्यासाठी माझे दोन्ही तुकडे उचलले. बाईंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या.

"त्याले राहू द्या."

"हा कायले? तुटला हाये. काही कामाचा नाई."

"मले जंगलातून घरी आणलं, मंग तुटला," बाई म्हणाल्या. "थकला हाये तो. पडू द्या त्याले इथंच उनात."

खेमराजभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला टाकलं नाही, दोन्ही हातांनी भिंतीशी ठेवलं. आणि बाई पुन्हा गाडीत बसायच्या आत ते गुडघ्यांवर बसले, वाकले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, काही मोडलेलं नसताना, गाडीखाली जाऊन रबराच्या टोप्या हाताने चाचपून पाहिल्या.

मित्रांनो, आता मी उन्हात पडून असतो. अंगावर गंज चढतो आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मागणं एकच आहे. तुमच्या घरातही कुणीतरी न बोलता फिरत असेल, यंत्र असेल किंवा माणूस असेल. ते कण्हू लागलं की त्याच दिवशी वाकून बघा, त्याची विचारपूस करा. मी थकलो आहे, हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी दोन वर्षं आवाज देत होतो. ते म्हटलं गेलं, पण तेव्हा माझे दोन तुकडे झालेले होते.