बुलबुलाचं घरटं आणि आखाजीचा मुऱ्हाळी

मित्रांनो, मी एक जुनी वायरची पिशवी आहे. लगेच नाक मुरडू नका. तुमच्या नव्या सॅकची चेन वर्षभरात तुटते, माझे बंद बावीस वर्षांत एकदाही तुटलेले नाहीत.

दहावीच्या सुट्टीत दिपमालाने मला विणलं. भडगावजवळच्या तिच्या गावी, घरामागच्या कडुनिंबाखाली खाट टाकून ती विणत बसायची. लाल वायर मध्येच संपली आणि तिचे वडील चुडामण आबा बाजारातून लाल समजून शेंदरी घेऊन आले. दिपमाला हिरमुसली. आबा हसून म्हणाले, "राहू दे व, दूरतीन वळखू येई." तेव्हापासून माझं अर्धं अंग लाल आणि अर्धं शेंदरी आहे. मला त्याचा फार अभिमान आहे.

दिपमालाचं लग्न शिरपूरला झालं आणि माझ्या पायांना भिंगरी लागली. तिची आई प्रमिलाबाई वर्षातून चार-पाच वेळा मला घेऊन लेकीकडे निघायची. पारोळा मागे टाकून धुळं गाठायचं, तिथे एस.टी. बदलायची आणि तापीचा पूल ओलांडला की शिरपूर आलंच. पोटात कधी कुरडया, कधी मळ्यातली भरताची वांगी, कधी लोणच्याची बरणी. बसमध्ये माझी जागा पायांशी, त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखते. माहेरी निघालेल्या बाईचे पाय सारखे हलत असतात. खिडकीची जागा मिळाली की प्रमिलाबाई मला मांडीवर घ्यायची. मग मला तारेवरचे वेडे राघू दिसायचे, म्हशीच्या पाठीवर बसून फुकट फिरणारा कोतवाल पक्षी दिसायचा. तिकीट न काढता हिंडणारे आम्ही दोघंच, असं मनात येऊन मला हसू यायचं.

शिरपूरच्या घरालाही छोटं परसदार आहे. तिथे चिमण्या आहेत, जास्वंदीवर लोंबकळणारा शिंजीर आहे आणि सातभाई आहेत. हे सातभाई दिवसभर एकमेकांवर असे खेकसतात की आता मारामारी होणार असं वाटतं. संध्याकाळी मात्र एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. मला माणसांपेक्षा ते शहाणे वाटतात.

हे मी उगाच म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी आबा गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलाने, म्हणजे दिपमालाच्या भावाने, नवलने, ट्रॅक्टरच्या शेडसाठी तो कडुनिंब तोडला. झाड आबांच्या हातचं होतं आणि आखाजीचा झोका त्यालाच बांधायचे. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकींचा सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला घ्यायला जातो, ती माहेरी येऊन झोके घेते, गाणी म्हणते. दिपमालाने झाड गेल्याचं ऐकलं आणि तिने नवलशी बोलणंच टाकलं. त्याचा फोन आला की ती मुकाट्याने नवऱ्याच्या, प्रेमराजच्या हातात द्यायची. तीन आखाजी झाल्या, ती माहेरी गेली नाही. दर वर्षी प्रमिलाबाई एकटी येऊन विनवायची आणि मला घेऊन एकटीच परतायची. परतीच्या वाटेत ती मला मांडीवर घट्ट धरून ठेवायची. मला फार वाईट वाटायचं.

यंदाही ती आखाजीच्या तीन आठवडे आधी आली. "चाल ना व माय, तुनाबिगर घर सुनं लागस."

"त्या घरमा आते मन्हं काय शे?" दिपमाला म्हणाली.

त्या खेपेला लोणच्याचं तेल माझ्या अंगभर सांडलं होतं. दिपमालाने मला धुऊन परसदारी पत्र्याखालच्या खिळ्याला अडकवलं. प्रमिलाबाईला गाडी गाठायची होती, ती मला तिथेच ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी एक बुलबुल आली. शेपटीखाली लाल ठिपका, डोक्यावर तुरा आणि स्वभाव असा की घर जणू तिच्याच नावावर आहे. मला न विचारता तिने माझ्यात काड्या आणून भरल्या. कुरडया वाहणारी मी, माझ्या पोटात हा कचरा! मी मनातल्या मनात पुष्कळ चिडचिड केली. पण एके सकाळी तिथे तीन ठिपकेदार अंडी होती आणि माझी तक्रार गळून पडली. दिपमालाने कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा दुसरीकडे बांधली. शेजारच्या बोक्याची नजर माझ्यावर होती, म्हणून ती दुपारी दार उघडं टाकून तिथेच बसायची.

आखाजी दोन दिवसांवर आली आणि पिल्लं बाहेर आली. त्याच दिवशी प्रमिलाबाई आली, आणि तिच्या मागे नवल. तीन वर्षांनी तो या दारात उभा होता. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते.

दिपमाला आईकडे बघत म्हणाली, "मी येऊ शकत नही. हाई पिल्ला शेतस. यासना बाप दिनभर गिरनीमा ऱ्हास. बोका एक दिन ठेवाव नही."

'यासना बाप', म्हणजे या पिल्लांचा बाप, म्हणजे प्रेमराज बरं का. ऐकून मला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. बोका खरा होता, अडचणही खरी होती.

नवलने माझ्यातल्या पिल्लांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी थांबस आठे. तू मायसंगे जाय."

प्रमिलाबाई दचकली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, निखाऱ्यावर आगारीचा घास टाकतात. त्यांच्या घरी ते काम मुलाचं. "आरे, आबानी आगारी कोन टाकी?"

"दिपा टाकी. ती आबानी पोर नही का?"

दिपमाला आत गेली आणि तिने कपड्यांची बॅग भरली. बहिणीला न्यायला आलेला मुऱ्हाळी बहिणीच्याच घरी मागे राहिला, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

नवल जाडजूड माणूस. काठी घेऊन तो माझ्याखाली खाटेवर बसला. बुलबुल त्याच्यावर ओरडली, एकदा तर डोक्यावर चोच मारून गेली. आखाजीच्या सकाळी प्रेमराज गिरणीत पाळीला गेला आणि नवल बुलबुलशी बोलू लागला. "वरड, वरड. निंब पडना तव्हय तीन पिल्ला खाले पडनात. मी हातमा उचलात, पन वाचनात नही. कोनलेच सांगं नही मी." बोलता बोलता त्याने उपरण्याने डोळे पुसले. प्रेमराजने झाकून ठेवलेल्या ताटाला त्याने हात लावला नव्हता. आगारी पडल्याशिवाय मुलाने जेवायचं नसतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, घरट्याला हात लावू नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतात. मीही तेच सांगते. पण माझं आणखी एक ऐका. कुणी आपल्यावर रुसलं असेल, तर त्याच्या दारात जा, आणि त्याचं काही अडत असेल तर ते आपल्या अंगावर घ्या. क्षमा मागायला त्या दिवशी नवलला शब्द सापडत नव्हते, तरी त्याची माफी बहिणीपर्यंत पोहोचली.

दुपारी साडेबाराला त्याचा फोन वाजला. त्याला वाटलं आई असेल. खालच्या त्या फोनमधला आवाज मला वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"भाऊ, आबाना नावनी आगारी टाकी दिधी. तू जेवना का?"