समुद्र टाळून अमेरिका

मित्रांनो, साऱ्या जगाचा भार एका पायावर पेलून उभा आहे तो मी, एक जुना पृथ्वीगोल. भार म्हणजे पाऊण किलो पत्रा. हैदराबादेत नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात, नुमाईशमध्ये, शाळकरी रेणूने हट्टाने मला घेतलं आणि घरी येताना रिक्षातून पाडलं. तेव्हापासून ऑस्ट्रेलियाला पोचा आहे. पुढे जगाचे नकाशे बदलले. माझ्यावर मात्र सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. मला कुणी कळवलंच नाही.

हिमायतनगरच्या त्या घरात रेणूची शाळा होती तोवर माझी वट होती. मग ती कॉलेजात गेली, मी कपाटावर गेलो आणि तिच्या वडिलांची, एकनाथरावांची, माकडटोपी माझ्या डोक्यावर आली. उत्तर ध्रुव उबदार राहिला.

अठ्ठ्याण्णव साली रेणूचा भाऊ शिवराज कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. रविवारी पहाटे बेगमपेटहून विमान, आणि तिकिटावर पोचायची वेळ रविवारचीच संध्याकाळ. त्याच्या आईला, सत्यवतीबाईंना, हे पसंत पडलं. "इथल्या इथं भालकीला जायचं तरी दिवस मोडतो," त्या म्हणाल्या. गेलेला माणूस पोचल्याचं कळेपर्यंत त्या घरात झाडू लावत नसत. एका दिवसाचा केर, चालेल.

संध्याकाळ झाली. फोन नाही. दिवे लागले, तरी नाही. सत्यवतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

रेणूने मला खाली काढलं, टोपी उतरवली, टॉर्च मारला. "हे बघ आई, इथं दिवस मावळला. तिथं आत्ता रविवारची पहाट होतेय. तो आपल्या उद्या सकाळी पोचेल, तेव्हा तिथं रविवारच असेल."

"एकच रविवार दोनदा कसा यायलाय गं?"

"हौ, शास्त्र आहे ते," एकनाथराव म्हणाले. त्यांनाही कळलं नव्हतं.

"ते राहू द्या. लेकरू आत्ता कुठंय, ते दाखव."

रेणूने निळ्या रंगावर बोट ठेवलं. सत्यवतीबाईंनी तिचा हात बाजूला सारला. "पाण्यावर नक्को."

मग त्यांनी स्वतःच लेकाला नेलं. हैदराबादहून वर, हिमालयावरून, अख्खा सोव्हिएत संघ ओलांडून, टोकाचं चिंचोळं पाणी एका उडीत पार करून अलास्का, आणि तिथून खाली. पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. हळदीचं खरखरीत बोट. इतक्या जपून मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

सकाळी फोन वाजला. "आई, पोचलो."

"जेवलास का?" एवढंच विचारून त्यांनी फोन रेणूकडे दिला आणि त्या झाडू घ्यायला गेल्या.

त्यानंतर दर रविवारी फोनवर बोलताना त्यांचं बोट त्याच वाटेने जायचं. तिथला माझा रंग उडाला आहे. मित्रांनो, घरातला जुना पृथ्वीगोल भंगारात घालू नका, त्याची धूळ पुसा; पण कुठे रंग उडालेला दिसला तर तो दुरुस्त करायला जाऊ नका.

तीन वर्षांनी सत्यवतीबाई स्वतः अमेरिकेला गेल्या. विमान समुद्रावर असताना त्यांना गाढ झोप लागली होती म्हणे.