धुरपदाबाईची वाकळ

"वाकळ खाली ठेवा!" मुंबईचा साहेब उंबऱ्याबाहेरूनच ओरडला. त्याच्या हातातली पेटी लाह्या फुटाव्यात तशी तडतडत होती.

धुरपदाबाईनं वाकळ आणखीच छातीशी धरली. "लेकीच्या बाळंतपणाची हाय, साहेब. दोन महिने शिवलीया."

त्या दोन महिन्यांनीच तर घात केला.

धुरपदाबाई आमच्या सरकारी दवाखान्यातली आया, मी कंपाउंडर. साल बासष्ट. माकणी गावची एक बाई मुंबईचे कॅन्सरचे उपचार अर्धवट टाकून पळून आली होती. तिची पट्टी बदलताना जखमेतून सुई निघाली. नेढ्यात रेशमी दोरा होता. धुरपदाबाईनं ती धुऊन उजेडात धरली.

"सादिकभाई, वाकळंला लई झ्याक हाय. न्हेऊ का?"

"न्या की," मी म्हणालो. सुईत रेडियम भरलेलं असतं, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

पुढं ती बाई मेली. मुंबईच्या इस्पितळात एक सुई कमी भरली, आणि सरकारनं ती हुडकायला हा पेटीवाला धाडला. तोवर धुरपदाबाईची बोटं काळी पडून सोलत होती आणि मी रोज त्यांना इमानेइतबारे मलम लावत होतो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

साहेबानं लांब चिमट्यानं सुई शिशाच्या डबीत टाकली. सुई फुटून गळत होती, म्हणून वाकळ, खाट, घरातली उकरलेली माती, सगळं गावाबाहेरच्या खड्ड्यात गेलं. काठावर उभं राहून देखरेख करायचा हुकूम मला होता. वाकळंत धुरपदाबाईच्या लग्नातलं लुगडं होतं. त्यावर सिमेंटची पहिली पाटी पडली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

मग दवाखान्यात पंचनामा झाला. साहेबानं वाचून दाखवलं: 'सरकारी वस्तू चोरून नेली.'

"चोरली न्हाय वो!" धुरपदाबाई कळवळली. "दुसरं काय बी लिवा. लेकीच्या सासरी कसं तोंड दावू?"

"मग कुणी दिली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "म्याच उचलली."

मला राहवलं नाही. "साहेब, मीच न्या म्हणालो."

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "तसं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. हिची जाणारच आहे. पोरंबाळं आहेत ना तुम्हाला?"

होती. मी गप्प बसलो. त्याची शरम अजून गेलेली नाही.

धुरपदाबाईनं शाईचा अंगठा कागदावर टेकवला. नुसता डाग उमटला.

"नीट लावा."

पुन्हा डाग. तिसऱ्यांदाही डागच. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

"कुणाचा ते बाजूला लिहा," साहेबानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी टाक उचलला आणि सावकाश लिहिलं: निशाणी अंगठा धुरपदाबाई हिचा, दस्तुर सादिक.

"काय लिवलं, सादिकभाई?" तिनं विचारलं.

"तुमचं नाव," मी म्हणालो.