जुन्या फोटोशी जुळणारा माळ

ताई मला घार म्हणते. तिचं आयुष्य गुडघ्यांवर बसून झाडंझुडपं मोजण्यात गेलं आणि माझं उपग्रहाच्या चित्रांत, म्हणून. "आमची घार वरनं सगळं बघते, फक्त पायाखालचं सोडून," असं ती कुणालाही सांगते. मी वाद घालत नाही. सख्खी बहीण आहे, त्यात हट्टी.

शहराबाहेरचे माळ गोदामांनी गिळले, त्यातला एक तुकडा तिने वाचवला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, लोकांची बोलणी खाल्ली, पण कुंपण घालून घेतलंच. आता ती जागा पालिकेला वाहनतळासाठी हवी होती. तुकडा किती मोलाचा आहे ते मी पालिकेच्या बैठकीत चित्रांवरून दाखवायचं, असं ठरलं. आसपास माळ किती उरला, तुकडे एकमेकांपासून किती लांब, हे चित्रात मोजायचं आणि ताईने जागेवर मोजलेल्या वनस्पतींशी ताडून पाहायचं. माळ जितका मोठा आणि सलग, तितक्या जाती जास्त, असं सहसा दिसतं.

इथे काही केल्या जुळेना. एवढ्याशा तुकड्यात एवढ्या जाती कशा? शेवटी वैतागून विमानातून काढलेले पन्नास वर्षांपूर्वीचे फोटो लावून पाहिले. तेव्हा गोदामं नव्हती, सगळा माळ अखंड होता. त्याच्याशी मात्र चोख जुळलं.

ही झाडं आजच्या जमिनीची नव्हतीच. जुन्या माळावर रुजलेली, चिवट, म्हणून अजून तग धरून होती. त्यांच्यामागे नवी येणार नव्हती, कारण बी यायला आजूबाजूला माळच उरला नव्हता.

ताईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "नवी रोपं दिसत नाहीत गं हल्ली," एवढंच म्हणाली. म्हणजे तिला कळून चुकलं होतं. मग सुरी खाली ठेवली. "हे बैठकीत बोलू नकोस."

"आणि विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही. तू आपणहून शहाणपणा करू नकोस."

बैठकीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "मॅडम, हे सगळं टिकेल ना?"

लांब लांब उरलेले तुकडे गवताच्या पट्ट्यांनी याला जोडले तर टिकेल, मी म्हटलं.

"आणि नाही जोडले तर?"

मधे गोदामं होती. ती कोण पाडणार? मला खोटं बोलता येत नाही असं नाही, रोज बोलते. पण समोर पडद्यावर माझाच आलेख होता आणि जीभ रेटेना. "हळूहळू निम्म्याहून जास्त जाती जातील."

"म्हणजे जाणारच आहेत," साहेब अगदी हळहळून म्हणाले आणि कुंपण काढायचं ठरलं. आजारी माणूस वाचणार नाही म्हणून कुणी त्याच्या अंगाखालची खाट काढून घेत नाही. हे मला तिथे सुचलं नाही, बाहेर आल्यावर सुचलं. माझी अक्कल कायम अशीच उशिरा येते.

ताई जिन्यात बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले.

"आयुष्यभर ढीगभर चुका केल्यास तू," ती म्हणाली. "एक इथे करायला काय झालं होतं?"

ते गणित मी पुन्हा पुन्हा नव्याने मांडलं होतं, कुठेतरी माझी चूक निघेल म्हणून. निघाली नाही.